डाव्या बाजूचा आवाज

गॅरेजवर कोणी आलं आणि म्हणालं की गाडीत आवाज येतोय, तर मी त्याला आधी तो आवाज तोंडाने काढायला लावते. मोठमोठी माणसं लाजतात. बँकेतले, कॉलेजात शिकवणारे, सोन्याच्या दुकानाचे मालक. इकडेतिकडे बघतात आणि हळूच म्हणतात, "खुडखुड." मी म्हणते, "जरा जोरात. वळताना येतो की ब्रेक मारताना?" मग लाज जाते आणि माणूस हात हलवून, मान हलवून सगळं करून दाखवतो. एका फर्निचरवाल्या शेठने तर स्टेअरिंग धरल्यासारखे हात करून आमच्या दारात अख्खं वळण घेतलं होतं.

लोक बघून हसतात, पण आम्हाला त्याचा उपयोग होतो. टकटक बहुतेक लिंक रॉडची असते, खटखट शॉकरची. चुंईचुंई पट्ट्याची. घर्रर्र असं लांबलचक आणि वेगाबरोबर वाढणारं असेल तर चाकाचं बेअरिंग. हे मला कोणी शिकवलं नाही, दाराशी बसून बसून कळलं. आणखी एक गोष्ट कळली. ज्याने आवाज खरोखर ऐकलाय तो माणूस दर वेळी तसाच आवाज काढतो. आज टकटक म्हणाला तर पुढच्या आठवड्यातही टकटकच म्हणणार.

आमचं गॅरेज उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. मी राहते बदलापूरला, बेलवलीत. तिथे आमची भाताची शेती होती, आता बिल्डिंगी आहेत. नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला तेव्हा त्याने एका सिंधी शेठचा गाळा भाड्याने घेतला आणि लोकांच्या गाड्या खोलायला लागला. तो गेला तोपर्यंत मुलगा तयार झाला होता. मी तेव्हापासून दाराशी स्टूल टाकून बसते. सुरुवातीला लोकांना वाटायचं म्हातारी राखणीला ठेवलीय. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण विचारायची खोड शाळेच्या आधीपासूनची आहे. सून बिलं करते, गाडीला स्कॅनर लावते, आणि गाडी चालवून बघायची झाली तर तीच चालवते. मुलापेक्षा ती चांगली चालवते. हे मुलालाही माहीत आहे, तो कबूल करत नाही एवढंच.

नवऱ्याने एक रीत घालून दिली होती, ती आम्ही अजून पाळतो. पार्ट बदलला की जुना पार्ट गिऱ्हाइकाला दाखवायचा. न्यायचा तर न्या म्हणायचं. बहुतेक लोक हात काळे होतील म्हणून नको म्हणतात. मग मी तो पिशवीत घालते, पिशवीवर गाडीचा नंबर लिहिते आणि मागे पत्र्याखाली ठेवते. भंगारवाला आला की जुन्या पिशव्या त्याला जातात. त्याच्या आधी, काही काम नसलं की मी त्या उघडून बघते. दुसऱ्याच्या घरात डोकावून बघितल्यासारखं वाटतं. क्लच प्लेट बघितली की समजतं, हा पाय क्लचवर ठेवूनच बसतो. ब्रेक पॅड लवकर संपवणारा माणूस भित्रा तरी असतो नाहीतर उतावळा तरी. नवरा-बायको दोघं एकच गाडी चालवत असतील तर तेही कळतं.

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या शेजारचा गाळा रिकामा झाला. शेठ दारात येऊन म्हणाला, "मावशी, लेना है तो बोलो. दिवाळीच्या आत. बाद में मेरे को मत बोलना." मुलाच्या डोक्यात तो गाळा आधीपासून होता. तिथे गाड्या उचलायची दुसरी लिफ्ट बसवायची, मधली भिंत काढायची. माझ्याही डोक्यात होता. माझं स्टूल तिथे कुठे ठेवायचं ते मी ठरवून टाकलं होतं, कारण त्या गाळ्याला दुपारी सावली असते. पण गाळा घ्यायचा म्हणजे महिन्याच्या महिन्याला खात्रीने येणाऱ्या गाड्या पाहिजेत.

तशा गाड्या अंबरनाथ पूर्वेच्या एका सोसायटीत होत्या. त्या सोसायटीचे सेक्रेटरी आमचं गिऱ्हाईक. निवृत्त माणूस. एका कारखान्यात तयार माल तपासायच्या खात्यावर मोठे साहेब होते. अजूनही शर्टाच्या खिशाला पेन, आणि कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघणार. त्यांच्या मनात होतं की सोसायटीच्या सगळ्या गाड्यांची सर्व्हिसिंग एकाच गॅरेजला द्यायची. गॅरेजवाल्याने गाडी न्यायची आणि आणून द्यायची. आम्हाला ते काम पाहिजे होतं हे त्यांना ठाऊक होतं.

"पण आधी माझ्या गाडीचा आवाज काढा," ते म्हणाले. "तो निघाला तर मीटिंगमध्ये तुमचं नाव सुचवतो. नाही निघाला तर कुठल्या तोंडाने सुचवू?"

मला ते बरोबर वाटलं. आमच्या शेजारच्या गाळ्याचं सगळं त्या एका आवाजावर येऊन थांबलं.

गंमत अशी की आवाज साहेबांना ऐकू येत नव्हता. त्यांच्या बायकोला येत होता. मी त्यांना वहिनी म्हणते. बारीक अंगाच्या, बोलायच्या आधी नवऱ्याकडे बघणाऱ्या.

"काढून दाखवा," मी म्हणाले.

"टकटक," वहिनी म्हणाल्या. "पुढे, डावीकडे."

"हिलाच येतो," साहेब म्हणाले. "मी सारखा कान देतोय, मला काही नाही."

मुलाने डावी लिंक रॉड बदलली. आठ दिवसांनी दोघं परत आली. आवाज आहेच. मी म्हणाले, परत काढून दाखवा. वहिनी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "खर्र खर्र."

"आधी टकटक होती."

"ती गेली. आता हा."

मुलाने डाव्या बाजूचा रबरी बुश बदलला. पुढच्या खेपेला वहिनींनी बराच विचार केला आणि तोंड मिटून भुणभुण असा काहीतरी आवाज काढला. मुलगा गाडीखालून बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेला. त्याने स्वतः गाडी चालवून बघितली. सुनेने चालवली, खड्ड्यातून, पुलावरून, मुद्दाम ब्रेक मारून. स्कॅनर लावला. काही नाही.

"आये, गाडीत काय पण नाय," मुलगा म्हणाला. "आवाज बाईच्या कानात हाय."

"मग कानाचा पार्ट मागव," सून म्हणाली.

मला हसू आलं नाही. एका गाडीत तीन वेगवेगळे आवाज, तिन्ही एकाच जागी, आणि आमच्यातलं कोणी चालवायला बसलं की एकही नाही. असं मी आधी बघितलं नव्हतं. मी मागे गेले आणि त्यांच्या नंबरच्या पिशव्या काढल्या. आवाजासाठी बदललेल्या वस्तू बाजूला केल्या, कारण त्या डावीकडच्या असणारच होत्या. उरलं काय? एक बाहेरचा आरसा, फुटलेला. धुक्यातल्या दिव्याची काच. चाकाची टोपी, कडेने खरवडलेली. टायरचा कापलेला तुकडा, जो फुटपाथच्या कडेला घासून जातो तो. ह्यातलं काहीही आवाजासाठी बदललेलं नव्हतं. आणि सगळं डावीकडचं.

मी बाहेर येऊन गाडीभोवती फिरले. उजवी बाजू शोरूममधून आणल्यासारखी. डावी बाजू पुढून मागपर्यंत ओरखडलेली. पत्रा ठोकून सरळ करणारा आमचा डेंटर म्हणाला, "ही गाडी माझ्याकडे एकाच कुशीवर झोपून येते."

मला आधी वाटलं पार्किंग अरुंद असेल. डावीकडे खांब असेल. पण त्याने टायर कापला जात नाही. मग पुढच्या वेळी साहेब गाडी न्यायला आले तेव्हा मी स्टूल उचलून आत ठेवलं आणि म्हणाले, "मी बरोबर येते. आवाज मला ऐकायचाय."

साहेबांना ते आवडलं. मागचं दार त्यांनी स्वतः उघडलं.

साहेब चांगली चालवत होते. घाई नाही, उगाच हॉर्न नाही. हात स्टेअरिंगवर बरोबर जिथे पाहिजेत तिथे. वहिनी त्यांच्या डावीकडे बसल्या होत्या आणि मी मागे, मधोमध, दोन्ही सीटांमधून मान पुढे काढून. कॅम्प पाचमधून निघालो. पुढे डावीकडे फोमच्या गाद्या लादलेली एक हातगाडी होती, गाद्या गाडीबाहेर लोंबत होत्या. साहेब सरळ चालले होते. मी म्हटलं आता वळवतील. वळवली नाही.

"आला," वहिनी म्हणाल्या. "आला बघा आवाज."

साहेबांनी लगेच पाय काढला. मान तिरकी केली. "कुठे?" गाडी हळू झाली, हातगाडीवाल्याने आपली गाडी ओढून घेतली आणि आम्ही तिच्या अगदी कडेने गेलो.

"गेला," वहिनी म्हणाल्या.

मला काही ऐकू आलं नव्हतं. कान माझे चांगले आहेत. पुढे डावीकडून एक रिक्षा निघाली. "आला." साहेबांचा पाय वर. मग पुलाच्या उतारावर सायकलवर एक शाळेची मुलगी, दप्तर मागे बांधलेलं. साहेब अजून तसेच, सरळ. "आला, आला, जोरात आला," वहिनी म्हणाल्या, आणि साहेबांनी ब्रेकच मारला. मुलगी पुढे निघून गेली. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

"ऐकलंत मावशी?" साहेबांनी विचारलं.

"ऐकत्ये," मी म्हणाले. पण ऐकायचं मी सोडून दिलं होतं. मी वहिनींच्या पायांकडे बघत होते. त्यांचा उजवा पाय गाडीच्या चटईवर दाबलेला होता, जिथे ब्रेक असता तिथे. प्रत्येक वेळी आधी पाय दाबला जायचा आणि मग आवाज यायचा.

सोसायटीत पोचलो. वॉचमन साहेबांना पाण्याच्या मोटरचं काहीतरी सांगायला घेऊन गेला. आम्ही दोघी गाडीतच होतो.

"वहिनी, आवाज नाहीच ना," मी म्हणाले.

त्या पुढेच बघत राहिल्या. म्हणाल्या, "त्यांना डावीकडचं दिसत नाही."

"केव्हापासून?"

"मला चटणीवरून कळलं. ताटात डावीकडे चटणी वाढलेली असते आणि विचारतात, आज चटणी नाही केलीस? मला वाटलं चेष्टा करतायत. मग दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागले. रोज तोच खांदा. डोळे तपासून आणले, चष्म्याचा नंबर पण बदलला नाही. म्हणतात, बघ, माझे डोळे तुझ्याहून चांगले आहेत."

"मग गाडीत स्पष्ट सांगायचं. डावीकडे माणूस आहे म्हणून."

"सांगितलं. म्हणाले, स्वतः शिकली नाहीस आणि मला शिकवतेस? आणि जास्त जोरात चालवली. एकदा मी सहज म्हणाले, कसलातरी आवाज येतोय. लगेच पाय काढला. कारखान्यातली सवय आहे त्यांची, मशीनला आवाज आला की थांबायचं. त्या दिवसापासून मी आवाजच म्हणते."

मी त्या बाईकडे बघतच राहिले. इतका साधा उपाय आणि इतका धोक्याचा. एक दिवस ती बरोबर नसेल, किंवा तिला डुलकी लागेल.

"तुम्ही गाडी ठेवून घ्या," वहिनी म्हणाल्या. "पार्ट आला नाही म्हणून सांगा."

"किती दिवस?"

"त्यांचं वय होईपर्यंत."

"वय झालंय वहिनी. तुमचं पण आणि माझं पण."

पार्ट आला नाही, हे प्रत्येक गॅरेजवाला म्हणतो. काम सुरू केलेलं नसतं, कारागीर गावाला गेलेला असतो, लिफ्टवर दुसरीच गाडी असते. पार्टवर ढकललं की कोणाचा राग येत नाही. पण साहेबांसारख्या माणसाला ते किती दिवस पुरणार? ते स्वतः दुकानात जाऊन पार्ट आणतील. मी वहिनींना हो पण म्हणाले नाही आणि नाही पण. दुसऱ्या दिवशी त्यांनी काहीतरी कारण काढून गाडी आमच्याकडे पाठवायला लावली, आणि सून जाऊन घेऊन आली.

गॅरेजवर मी सगळं सांगितलं. मुलगा हात पुसत ऐकत होता.

"मग सोपं हाय," तो म्हणाला. "लिंक परत खोलून परत लाव. आवाज गेला म्हणून सांग. बाईला सांग, आता गप बस. मीटिंग होऊ दे, मग काय ते बघू."

"बाई गप बसली की ब्रेक कोण मारणार?" सून म्हणाली.

"आपण डॉक्टर हाय का? गाडीत खराबी नाय, आपलं काम संपलं. माणसात खराबी हाय, ती त्यांच्या घरची."

"गाडी आपल्या दारात आहे."

"आणि गाळा? त्यांना तोंडावर सांगितलं तर नाव सुचवतील आपलं मीटिंगमध्ये? कोणता माणूस सुचवील?"

मुलगा खोटं बोलत नव्हता. असल्या माणसाला तुम्ही आंधळे आहात म्हणून सांगणं म्हणजे सोसायटीचं काम आपल्या हाताने गटारात टाकणं. मी तशी कोणाला काही सांगायला घाबरत नाही. पण साहेबांना बायकोने सांगून पटलं नव्हतं, डोळ्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं की डोळे ठीक आहेत, मग माझं काय म्हणून ऐकतील? त्यांनी आयुष्यभर एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला होता. वस्तू हातात घ्यायची, उलटी करायची आणि स्वतः ठरवायचं. आमची रीतही तीच होती. जुना पार्ट दाखवायचा.

साहेब आणि वहिनी गाडी न्यायला आले त्या दिवशी मी जमिनीवर गोणपाट अंथरलं आणि त्यांच्या पिशव्यांतलं सगळं एका ओळीत मांडलं. आरसा मोठा, म्हणून तो आधी ठेवला, अगदी डाव्या टोकाला. मग टोपी, दिव्याची काच, टायरचा तुकडा, मग बुश, लिंक. यात माझा काही डाव नव्हता. जसं हाताला लागलं तसं ठेवलं.

साहेबांनी चष्मा सारखा केला आणि गोणपाटाच्या पुढे उकिडवे बसले. लिंक उचलली, हलवली. "ही ठीक होती. उगाच बदललीत." बुश दाबून बघितला. "हाही ठीक होता."

"हो," मी म्हणाले.

"मग बदललात कशाला?"

"आवाजासाठी. आवाज डावीकडे होता ना."

त्यांनी टायरचा तुकडा घेतला, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. दिव्याची काच घेतली. "ह्यांचा आवाजाशी काय संबंध?"

"काही नाही. पण सगळं एकाच बाजूचं आहे. ते का, ते मला समजत नाही म्हणून मांडलंय."

साहेबांना तो प्रश्न आवडला, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. असा माणूस प्रश्न मिळाला की बाकी विसरतो. ते वस्तूंकडे बघत बसले. मग म्हणाले, "आणि आरसा? आरसाही बदलला होता मी. तो भंगारात दिलात वाटतं."

आरसा त्यांच्या डाव्या गुडघ्याशेजारी होता.

मुलाने हातातला पाना खाली ठेवला. सून बिलाच्या टेबलावरून उठली. वहिनी माझ्याकडे बघत होत्या आणि मी मान हलवून त्यांना गप्प राहा म्हणून सांगितलं.

"साहेब, मान वळवा," मी म्हणाले. "डावीकडे."

त्यांनी मान वळवली आणि आरसा बघितला. "हा आत्ता कोणी ठेवला?"

"सगळ्यात आधी तोच ठेवलाय."

त्यांनी मान सरळ केली. मग परत वळवली. परत सरळ केली. मला वाटलं आता चिडतील, आणि मी त्याचीच वाट बघत होते. पण त्यांनी आरसा उचलला, समोर धरला आणि नजर समोर ठेवून हात हळूहळू डावीकडे नेला. "इथे आहे," ते म्हणाले. "इथे आहे. आता नाही." हात परत आणला, परत नेला. उजव्या हाताने तसंच उजवीकडे केलं. मग एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. माल तपासताना असेच करत असतील. रागाचा पत्ता नव्हता. ते अगदी गुंतून गेले होते, आणि खरं सांगायचं तर मीही.

बऱ्याच वेळाने त्यांनी बायकोकडे बघितलं, अख्खी मान फिरवून. "आवाज?"

"नव्हता," वहिनी म्हणाल्या.

"कधीच?"

"कधीच नाही."

"मग टकटक कुठून आणलीस?"

"शिवणाच्या मशीनची."

"आणि खर्र खर्र?"

"मिक्सरची."

"भुणभुण फ्रिजची असेल," साहेब म्हणाले. "तो दाखवायचाय." आणि उठताना त्यांनी बायकोचा हात धरला नाही, आमच्या खांबाला धरून उठले. खिशातली दुसरी किल्ली काढून माझ्यापुढे केली.

"मला येत नाही चालवता," मी म्हणाले. "सुनेला द्या."

ते मागे बसले. जाताना नमस्कार नाही, मीटिंगचं बोलणं नाही. गाडी गेल्यावर मुलगा म्हणाला, "गेला गाळा." मलाही तसंच वाटत होतं.

नंतर वहिनींचा सुनेला फोन आला. डोळ्यांत काहीच बिघाड नव्हता. डोक्यात मागच्या बाजूला एक बारीक नस केव्हातरी बंद पडून गेली होती, आणि तेव्हापासून दोन्ही डोळ्यांना डावीकडचं अर्धं दिसत नव्हतं. आता ते परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. गाडी चालवायची नाही, एवढं मात्र म्हणाले. मी सुनेला म्हणाले, विचार, तिथे काळं दिसतं का? वहिनींनी साहेबांना विचारून सांगितलं की काळंही दिसत नाही. तिथे काही आहे असंच वाटत नाही.

हे माझ्या डोक्यातून बरेच दिवस जाईना. स्टुलावर बसून मी विचार करायचे की अर्धं दिसत नाही आणि ते कळतही नाही, म्हणजे कसं. मग एकदा बेलवलीला घरी भाजी निवडताना सुचलं. माझ्या पाठीमागे काय आहे ते मला दिसत नाही. पण तिथे मला काळं दिसतं का? नाही. तिथे काही नाहीच. तसंच असणार. मी सुनेला हे सांगितलं तर ती दिवसभर मागे वळून बघत होती.

साहेब आले नाहीत. सोसायटीची मीटिंग झाली की नाही तेही कळलं नाही. दिवाळी आली, शेठ दारात उभा राहिला, आणि आम्ही नाही म्हणालो. गाळा एका पडद्याच्या कापडवाल्याने घेतला. मुलगा काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. एकदा एक गिऱ्हाईक विचारत आलं, गाडीत आवाज येतोय, तर तो तिथूनच ओरडला, "म्हातारीला दाखवू नका, ती तुमचे डोळे तपासेल."

संक्रांत झाल्यावर त्या सोसायटीतून एक गाडी आली. मग दुसरी आली. मग वॉचमनचाच फोन यायला लागला की आज अमक्याची न्या, उद्या तमक्याची. का ते कोणी सांगितलं नाही. पुढे वहिनींकडून कळलं की मीटिंगमध्ये साहेबांनी आमचं नाव सुचवलं होतं, आणि कारण काय दिलं? म्हणाले, ह्या लोकांनी माझ्या गाडीचे दोन चांगले पार्ट उगाच बदलले, आणि ते चांगले होते हे मला स्वतः दाखवलं. अजून कुठलं गॅरेज दाखवेल ते सांगा. कोणी सांगितलं नाही.

आता गाड्या आहेत आणि जागा नाही. रस्त्यावर लावतो, पडद्यावाल्याचं दार अडतं, त्याचं आणि मुलाचं रोज एकदा वाजतं. शेठ मधून जाताना म्हणतो, "मावशी, मैंने तो बोला था." मी म्हणते, "बोलला होतास. आता पडद्यावाल्याला बोल." माझं स्टूल अजून उन्हातच आहे.

परवा साहेबांची गाडी आली. त्यांनी ती विकली नाही, ड्रायव्हर ठेवलाय. वहिनी पुढे, साहेब मागे. उतरताना साहेबांनी डावीकडे मान वळवून बघितलं, मग पाय बाहेर टाकला. वहिनी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "गाडीत आवाज येतोय."

"काढून दाखवा."

"कट्," वहिनी म्हणाल्या. "खड्डा आला की. कट्."

मी त्यांना बसवलं, चहा मागवला. फ्रिज दाखवला का विचारलं, दाखवला म्हणाल्या, नवीनच घ्यावा लागला. पडद्यावाल्याच्या दुकानातलं कापड कसं आहे, त्यावर बोललो. चहा संपला तेव्हा मी म्हणाले, "परत काढून दाखवा बरं."

"कट्."

"मी पण ऐकलाय," साहेब मागून म्हणाले.

मी मुलाला हाक मारली आणि गाडी लिफ्टवर घ्यायला सांगितली.